एका पानाची नोटीस

माझ्या मावशीला नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. सगळ्यांची ती पट्टीमावशी. कोर्टासमोरच्या गल्लीत, एका जिन्याखाली, तिचं बत्तीस वर्षं टायपिंगचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल, एक टाइपरायटर आणि एक बाक. दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्याने रस्त्यावर उभं राहायचं. टेबलावर स्टीलची फूटपट्टी असे. कागद टाइप करून झाला की मावशी ती पहिल्या ओळीखाली धरायची, ओळ वाचायची आणि पट्टी खाली सरकवायची. शेवटच्या ओळीपर्यंत असंच. कुणी घड्याळाकडे पाहू लागलं तर मान वर न करता म्हणायची, "घाई असेल तर शेजारच्या दुकानात जा. तिथे लवकर होतं. परत यावं लागतं, एवढंच."

मागच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत पाटी होती: चूक आमची निघाल्यास पैसे परत.

माझी आई, म्हणजे तिची थोरली बहीण, ती पाटी पाहिली की हमखास विचारायची, "आमची म्हणजे कुणाची गं? तुझी आणि पट्टीची?"

"पट्टी चुकत नाही, ताई," मावशी म्हणायची.

पैसे परत द्यायची वेळ तिच्यावर कधी आली नाही, आणि येऊ नये म्हणून तिने बंदोबस्तही पक्का केला होता. गिऱ्हाईक मजकूर चिठ्ठीवर लिहून आणायचं. टाइप केलेला कागद ते घेऊन जायचं, चिठ्ठी मात्र मावशी ठेवून घ्यायची. मागे तारीख टाकून तारेत ओवायची. उद्या कुणी "बाई, तुम्ही चुकीचं टाइप केलंत" म्हणत आलं, तर तार खाली घेऊन त्याचंच अक्षर त्याच्यापुढे ठेवता यावं. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा तिने दुकान बंद केलं आणि पत्र्याच्या अकरा पेट्या भरून त्या चिठ्ठ्या घरी आणल्या. आई म्हणाली, "लोकांच्या माळ्यावर भांडी असतात. हिच्या माळ्यावर भांडणं आहेत."

आयुष्यभर तिने मुख्यतः घरमालकांच्या भाडेवसुलीच्या नोटिसा टाइप केल्या. दुकान बंद झाल्यावर त्याच नोटिसा उलट्या वाटेने तिच्याकडे यायला लागल्या. कुणाला नोटीस आली की शेजारचं कुणीतरी सांगे, पट्टीमावशीला दाखव. मग ती व्यक्ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसायची, आणि मावशी चष्मा पुसून पट्टी काढायची. एका नोटिशीत दोन मजली घराचा तिसरा मजला सापडला. एक नोटीस चार वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाला होती, तीही त्याने पंधरा दिवसांत हजर व्हावं अशी. एकीत मुदत लिहिल्या दिवसापासून मोजली होती आणि कागद पोचला तेव्हा ती संपून दोन दिवस झाले होते. चूक सापडली की माणसं हरखायची. मावशी त्यांना तिथल्या तिथे खाली आणायची. "नाचू नका. नोटीस चुकली म्हणून भाडं माफ होत नाही. मालक उद्या बरोबर लिहून पाठवेल. तुम्हाला मिळाला तो वेळ. तेवढ्यात पैसे उभे करा."

या कामाचे ती काही घेत नसे. कुणी फळं आणली तर मात्र नको म्हणत नसे.

कवळीवाल्याची बायको आली ती मात्र मावशीच्या अगदी ओळखीची होती. कवळीवाला दात बनवायचा. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे साचे त्याच्याकडे यायचे, आणि तो पुढच्या खोलीत बसून त्यांवर कवळ्या घडवायचा. मागच्या खोलीत संसार. या दोन खोल्या त्याच्या वडलांनी भाड्याने घेतलेल्या. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत आणि त्यांच्याखाली हे नवराबायको जेवत. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणायच्या, "आमच्याकडे जेवताना कुणी एकटं नसतं." मावशीची खालची कवळी त्यानेच केलेली. तीन वेळा परत पाठवून चौथ्यांदा तिने पसंत केली होती.

त्या वर्षी त्याच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं. चार महिने हाताला काम नाही. चार महिन्यांचं भाडं राहिलं, आणि नोटीस आली. तीस दिवसांत पैसे भरा, नाहीतर जागा खाली करा.

मी त्या दिवशी मावशीकडेच होते. तिने पट्टी लावली. नाव बरोबर. जागेचं वर्णन बरोबर. मुदत मिळाल्या दिवसापासून. सही आहे. पट्टी सरकत सरकत रकमेच्या ओळीवर आली आणि थांबली.

"थकीत भाडे, पस्तीस हजार सहाशे," मावशीने वाचलं. "वहिनी, भाडं किती तुमचं?"

"आठ हजार. आणि पाणी नि जिन्याचा दिवा मिळून नऊशे. ते आम्ही बरोबरच देतो."

"बरोबर द्या, नाहीतर पाठोपाठ द्या. ते भाडं नव्हे." मावशी खुर्चीत मागे टेकली. हा तिचा आवडता क्षण. "चार महिन्यांचे झाले बत्तीस हजार. वरचे छत्तीसशे पाण्याचे. पाणी थकलं म्हणून कुणाला घराबाहेर काढता येत नाही. त्याची वसुली वेगळी, रस्ता वेगळा. यांनी दोन्ही एका ओळीत कोंबलंय."

"मग काय करायचं? माझा भाऊ सगळे द्यायला तयार आहे. पस्तीस सहाशेसुद्धा."

"बत्तीसच पाठवायचे. चेकने. सोबत पत्र, मी टाइप करते. बाकीचे हाताच्या व्यायामाला ठेवा, पाण्याचे पुढच्या महिन्यात सावकाश द्या."

वहिनी घुटमळल्या. "मावशी, थोड्यासाठी अडायला नको हो. सगळेच देऊन टाकले तर?"

"आज भाडं म्हणून पस्तीस सहाशे दिलेत की उद्यापासून तुमचं भाडं आठ हजार नऊशे झालं. पुढची वाढ त्याच्यावर लागेल. मी सांगते ना. काही होत नाही."

मावशीने एकदा 'मी सांगते ना' म्हटलं की आमच्या नात्यात लग्नंसुद्धा ठरतात. वहिनी पत्र घेऊन गेल्या.

आठव्या दिवशी घरमालकाने चेक परत पाठवला. रक्कम अपुरी आहे, म्हणून. तीस दिवस सरले तसा घरमालकाने दावा लावला. मावशीला त्याचं काही वाटलं नाही. "लावू दे. पहिल्याच तारखेला निकालात निघेल."

वकिलाला द्यायला कवळीवाल्याकडे पैसे नव्हते. भाड्याच्या कोर्टात भाडेकरूला स्वतःचं म्हणणं मांडता येतं, आणि मावशीने त्याच्याकडून चार वाक्यं घोकून घेतली होती. ती त्याने मांडली. मग घरमालकाचा वकील उठला. थोरले मालक वारून तीन वर्षं झाली होती. दावा त्यांच्या मुलाचा, धाकट्या मालकांचा होता. वकिलाने फाइलमधून तीन जुन्या नोटिसा काढल्या. एक सव्वीस वर्षांपूर्वीची, एक एकोणीस, एक अकरा. तिन्ही कवळीवाल्याच्या वडलांना पाठवलेल्या. तिन्हींत एकच ओळ: थकीत भाडे, आणि पुढे एक आकडा. पाण्याचा वेगळा उल्लेख कुठेच नाही. वडलांनी तिन्ही वेळा मुकाट पैसे भरलेले, तक्रारीचं एक अक्षर नाही. त्या दोन खोल्यांचं भाडं पहिल्यापासून पाण्यासकट आहे, वकील म्हणाला, आणि म्हणून भाडेकरूने मुदतीत पूर्ण भाडं भरलेलं नाही. न्यायाधीशबाईंनी भाडेकरूला विचारलं, करारनामा आहे का? करारनामा वडलांच्या वेळी तोंडीच झालेला. पावत्यांवर नुसतं 'मिळाले' आणि सही. दोन आठवड्यांनंतरची तारीख पडली.

नोटिसांच्या प्रती घेऊन वहिनी तडक मावशीकडे आल्या. कवळीवाला मागून आला आणि दारातच उभा राहिला.

मावशीने सगळ्यात जुनी प्रत पुढे ओढली. पट्टी उचलली आणि लावलीच नाही. खाली डाव्या कोपऱ्यात बारीक दोन अक्षरं होती. टाइप करणाऱ्याची खूण. तिची.

"मावशी," वहिनी म्हणाल्या, "आता?"

"आता तुम्ही घरी जा. मला माळ्यावर जायचंय."

"या गुडघ्यांनी?" मी म्हटलं.

"मग तू चढ."

चढले. अकरापैकी सहावी पेटी. तारेवरच्या चिठ्ठ्या सुकून पापडासारख्या झाल्या होत्या. दुपारभर आम्ही दोघी जमिनीवर बसून तारखा पाहत होतो. मध्येच आई आली. हकीकत ऐकून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "जन्मभर लोकांना बाहेर काढायचे कागद टाइप केलेस. आता सल्ला देऊनही बाहेरच काढ. बिचारी सगळे पैसे द्यायला तयार होती."

मावशी एरवी आईला एका वाक्यात गप्प करते. त्या दिवशी ती फक्त म्हणाली, "ताई, चहा टाक."

चिठ्ठी संध्याकाळच्या आत सापडली. थोरल्या मालकांचं मोठं, तिरपं अक्षर. त्यांना नोटिशीत सगळं हवं असायचं: जिन्यात ठेवलेली सायकल, गॅलरीतून सांडलेलं पाणी, रात्री खोकल्याची औषधं कुटण्याचा आवाज. मधोमध दोन ओळी होत्या. भाडे दोन महिन्यांचे, आठशे. आणि खाली: पाणी व जिन्याचा दिवा दोन महिन्यांचा, नव्वद. आणि त्यांच्यापुढे, पेन्सिलने, एक कंस. दोन्ही ओळी एकत्र बांधणारा. कंसाबाहेर बारीक अक्षरात: एका पानात.

ते अक्षर मावशीचं होतं.

तिने ती चिठ्ठी गुडघ्यावर ठेवून सरळ केली. मग मला सांगू लागली, पण खरं म्हणजे स्वतःलाच सांगत असावी. मालकांचा मजकूर एका पानापेक्षा दोन ओळी जास्त होत होता. दुसऱ्या पानावर फक्त सही गेली असती. मावशी पानाचे पैसे घ्यायची, पानाला सात रुपये. दुसरं पान लावलं असतं तर मालकांना वाटलं असतं, बाईने सात जास्त काढले. म्हणून तिने सायकल थोडी आटोपती घेतली, खोकल्याची औषधं गाळली, आणि तरीही एक ओळ उरली तेव्हा भाडं आणि पाणी एका ओळीत घातलं. आठशे नव्वद. पान सुबक झालं. थोरले मालक खूश झाले आणि पुढच्या दोन्ही नोटिसा, तिची खूण नसलेल्या, त्यांनी तोच नमुना देऊन दुसऱ्या दुकानातून उतरवून घेतल्या.

"बेरीज बरोबर होती," मावशी म्हणाली. "म्हणून माझ्या लक्षातच आलं नाही. मी आकडे तपासायची. ओळ चुकली होती."

"मग ही चिठ्ठी दाखवली की झालं," मी म्हटलं. "मालकाच्या स्वतःच्या हातची आहे."

"हं. आणि ती पेन्सिल माझ्या हातची."

आईने चहा आणला. चिठ्ठी वाचली, पेन्सिल वाचली, आणि नेमकं जे मी बोलले नव्हते ते बोलली. "कापून टाक तेवढं. कंस नि ते दोन शब्द. कागद जुना आहे, फाटला म्हणता येईल."

मावशीने आईकडे असं पाहिलं की आईने कप खाली ठेवला.

"ताई, फाटकी चिठ्ठी दाखवली तर त्यांचा वकील म्हणेल, बाकीचं काय होतं ते दाखवा. आणि तो बरोबर म्हणेल. पेन्सिलीमुळेच तर कळतं, दोन ओळींची एक कशी झाली ते. मालकांनी दोन सांगितल्या, मी एक केली. हे मी सांगितलं नाही तर कोण सांगणार? तू?"

तारखेला मावशी आपली निळी साडी नेसून आली, दुकानाच्या पहिल्या दिवशी नेसली होती म्हणे ती. कोर्टाच्या पायऱ्या एकेक करून चढली, मधल्या वळणावर थांबली आणि पहारेकऱ्याला म्हणाली, "बत्तीस वर्षं समोर बसले, कधी आत यावं लागलं नाही." वहिनी बाकावर हातात रुमाल पिळत बसल्या होत्या. सकाळी त्या घरातल्या जबड्यांना कागदात गुंडाळायला लागल्या होत्या, असं कवळीवाल्याने मला हळूच सांगितलं. हरलोच तर घाई व्हायला नको म्हणून.

मावशीने सगळं शपथेवर सांगितलं. चिठ्ठी न्यायाधीशबाईंपुढे गेली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली.

"ही चिठ्ठी सव्वीस वर्षं का ठेवलीत?"

"कुणी माझी चूक काढली तर माझी नाही हे दाखवायला."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. "आणि?"

"आणि माझीच निघाली."

घरमालकाचा वकील तरुण होता, चुणचुणीत. तो उठला. "बाई, भाडेकरूशी तुमचे काय संबंध?"

"माझ्या तोंडातले खालचे दात त्यांनी केलेत. पैसे पूर्ण दिलेत. पावती आहे. दाखवू?"

"नको. म्हणजे तुम्ही शपथेवर सांगताय की तुमच्या हातून चुका होतात."

"झाली. एक तर सापडलीच."

"मग आजचं तुमचं बोलणंही चुकीचं नसेल कशावरून?"

"असूही शकेल. म्हणून तर कागद आणलाय. माझ्यावर विश्वास ठेवू नका, थोरल्या मालकांच्या अक्षरावर ठेवा. त्यांनी दोन ओळी लिहिल्यात. भाडं वेगळं, पाणी वेगळं. त्यांना ठाऊक होतं."

वकील म्हणाला, अक्षर त्यांचंच कशावरून? तेव्हा न्यायाधीशबाईंनी चिठ्ठी धाकट्या मालकांकडे पाठवली. ते चाळिशीचे, जाड भिंगांचा चष्मा. वकील त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणत होता. त्यांनी त्याला हाताने थांबवलं. चिठ्ठी बराच वेळ पाहिली. खोकल्याच्या औषधांच्या ओळीशी त्यांचं बोट थांबलं, आणि तोंडाचा कोपरा जरा हलला.

"बाबांचंच आहे," ते म्हणाले. "असं सगळं तेच लिहायचे."

निकाल त्याच दिवशी दुपारनंतर झाला. भाडं आठ हजार. त्याचे बत्तीस हजार भाडेकरूने मुदतीत देऊ केले होते. घरमालकाने ते नाकारायला नको होते. जागा खाली करण्याची मागणी फेटाळली. बत्तीस हजार आठवड्यात भरावेत. पाण्या-दिव्याचे छत्तीसशे द्यायचे आहेत, पण ते वेगळे.

वहिनी उठल्या आणि पुन्हा बसल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "आता ते सगळे जबडे सोडवत बसा." एवढंच. पण त्यांचा रुमाल पिळून पिळून दोरीसारखा झाला होता, तो त्यांनी मांडीवर उलगडून सरळ केला, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये ठेवला.

बाहेर व्हरांड्यात धाकटे मालक वकिलाची वाट पाहत उभे होते. मावशी सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. पर्स उघडली, सात नाणी मोजली आणि हात पुढे केला.

"हे काय?"

"तुमच्या वडलांनी एका पानाचे दिले होते. माझ्या दुकानात पाटी होती. चूक आमची निघाल्यास पैसे परत."

धाकट्या मालकांनी नाण्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. ते चिडलेले होते, आणि त्यांना हसूही येत होतं, आणि दोन्ही एकत्र आवरताना त्यांचा चेहरा वाकडा झाला. "बाई, तुमच्या एका ओळीने माझा दावा गेला. आणि बाकीच्या दोन नोटिसांचं काय? त्यांचे नाही परत?"

"त्या माझ्याकडून करून घेतल्या नाहीत. माझी चूक दुसऱ्याने उतरवून घेतली, त्याची हमी मी देत नाही. त्याच्याकडे जा."

त्यांनी सात नाणी घेतली. खिशात टाकली.

तेवढ्यात कवळीवाला आला. छत्तीसशे तो घरून बरोबरच घेऊन आला होता. व्यायामाचे पैसे, वहिनींनी पाकिटात वेगळे ठेवलेले. "मालक, पाण्याचे. आजच घ्या, मनात राहायला नको." डाव्या हाताने त्याने पाकीट पुढे केलं. उजवा अजून पट्ट्यात होता.

धाकट्या मालकांनी पैसे मोजले. पावतीपुस्तक काढलं, भिंतीला टेकवलं, आणि सवयीने लिहायला घेतलं: मिळाले.

"एक मिनिट," मावशी म्हणाली. पर्समधून तिने स्टीलची पट्टी काढली. ती तिने कोर्टातसुद्धा नेली होती, हे मला तेव्हा कळलं. "कशाचे मिळाले, किती महिन्यांचे मिळाले, ते लिहा. आणि बत्तीस हजार मिळतील त्या दिवशी त्यांची पावती निराळी."

"एवढं सगळं या चिटोऱ्यावर बसणार नाही, बाई."

"मग दुसरं पान घ्या," मावशी म्हणाली, आणि पट्टी त्यांच्या पहिल्या ओळीखाली धरून उभी राहिली.